मालिकांच्या गल्लीत आपले घर



मराठी मालिकांचा प्रेक्षक म्हटला की सदाशिव पेठेतली किंवा डोंबिवलीतली एखादी आजी डोळ्यांसमोर येते. पण कधी दुपारी जोहरनंतर आमच्या भवानी पेठेतून, मोमिनपुऱ्यातून किंवा कोंढव्याच्या गल्ल्यांतून चालत जाऊन पाहा. जेवणे आटोपलेली असतात, भांडी पालथी घातलेली असतात आणि एका खिडकीतून ऐकू आलेला संवाद पुढच्या खिडकीशी पोहोचेपर्यंत पूर्ण होतो, कारण दोन्ही घरांत एकच मालिका चालू असते. मगरिबच्या अजानला आवाज बंद होतो, नमाजनंतर पुन्हा सुरू होतो. ज्या घरांत टीव्ही नाही तिथे मालिका मोबाईलवर येते. टीव्ही असावा की नसावा हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरात सोडवावा. आज आम्हाला बोलायचे आहे ते जे रोज पाहिले जाते त्याविषयी.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. उर्दू माध्यमाच्या मुलींना मराठी अवघड जाते, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. पण याच मुली सुटीत घरी बसून आल्या की त्यांच्या बोलण्यात चार नवे शब्द असतात. ‘जाऊ’ कोण आणि ‘नणंद’ कोण, ‘माहेरपण’ म्हणजे काय, ‘अहो’ म्हणून हाक कुणाला मारतात, हे त्यांना आमच्या फळ्याने जितके शिकवले त्यापेक्षा जास्त मालिकांनी शिकवले. तेव्हा मालिका म्हणजे सगळी वेळेची नासाडी, असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही स्वतः पाहतो, आणि जे आवडले त्याला आवडले म्हणतो.

उदाहरणार्थ, ‘आई कुठे काय करते’. स्टार प्रवाहवर 2019 च्या डिसेंबरात सुरू झालेली ही मालिका जवळजवळ पाच वर्षे चालली. शेवटच्या वर्षात ती संध्याकाळची वेळ सोडून दुपारी अडीचला येऊ लागली, तरी आमच्या गल्लीतल्या बायकांनी तिची पाठ सोडली नाही. पंचवीस वर्षे संसार केलेल्या अरुंधतीला नवऱ्याचे बाहेरचे प्रकरण कळते. ती रडते, मग घटस्फोट घेते, गाण्यावर स्वतःच्या पायावर उभी राहते आणि पुढे दुसरे लग्नही करते. पहिले वर्ष-दीड वर्ष ही गोष्ट मन लावून सांगितली गेली. ‘आई दिवसभर घरात करते तरी काय?’ हा प्रश्न हिंदू घरात विचारला जातो तसाच आपल्याही घरात विचारला जातो, आणि मुलेच विचारतात. त्यामुळे आमच्या शेजारच्या खालाजान ती मालिका पाहताना आपल्या मुलाला मुद्दाम समोर बसवत. पण पुढे अपघात, गैरसमज, कोर्ट, पुन्हा गैरसमज असे एवढे सुरू झाले की मूळ प्रश्न कुठल्या कुठे गेला.

तसेच ‘अग्गंबाई सासूबाई’. 2019 मध्ये झी मराठीवर आलेल्या या मालिकेत सून पुढाकार घेऊन आपल्या विधवा सासूचे लग्न लावून देते. आपल्याकडे विधवेच्या निकाहला धर्माची आडकाठी नाही, उलट त्याची शिकवण आहे. हजरत खदीजा रजि. यांचे उदाहरण आपण प्रत्येक वाजमध्ये ऐकतो. पण पन्नाशीच्या बेवा फुफीचा विषय निघाला की ‘आता या वयात?’ म्हणून घरातलेच लोक गप्प होतात. त्या मालिकेमुळे आमच्या ओळखीच्या दोन घरांत हा विषय निदान जेवताना निघाला. एवढे काम एखाद्या मालिकेने केले तर तिचे बाकीचे दोष आम्ही माफ करतो.

दोष मात्र पुष्कळ आहेत. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ मधली राधिका नवऱ्याने फसवल्यावर मसाल्यांचा धंदा सुरू करते, इथपर्यंत छान. आपल्याकडेही घरी लोणची, पापड, मसाले करून संसार उभे करणाऱ्या कितीतरी जणी आहेत. पण बघता बघता तिची कंपनी तीनशे कोटींची होते. ज्या बाईने महिन्याला पाच हजार कमावण्यासाठी कांडपाच्या दुकानासमोर रांग लावली आहे तिला हे पाहून हुरूप येतो की स्वतःच्या कमाईची लाज वाटते, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. ‘होम मिनिस्टर’चेही तसेच. 2004 पासून आदेश बांदेकर दारोदारी गेले, ‘वहिनी’ म्हणून घरात शिरले, चार सोपे खेळ झाले आणि जिंकणारीला पैठणी मिळाली. साध्या घरातल्या साध्या बाईला नवऱ्यासमोर, सासूसमोर दोन वाक्ये बोलायला मिळत, ती त्या कार्यक्रमाची खरी गोडी. पुढे 2022 मध्ये ‘महामिनिस्टर’ करून अकरा लाखांची पैठणी ठेवली, तेव्हा लोक बाईकडे पाहायचे सोडून पैठणीकडे पाहू लागले.

आणि मालिकांतली ती कारस्थाने! दाराआड उभे राहून ऐकणे, दुसऱ्याचा फोन तपासणे, औषधाची बाटली बदलणे, एकीने दुसरीची चुगली तिसरीकडे करणे. गीबत आणि दुसऱ्याच्या घरात डोकावणे या दोन गोष्टींपासून आपल्याला किती कडकपणे रोखले आहे ते वाचकांना सांगायला नको. पण अर्ध्या तासाच्या मालिकेतून या दोन गोष्टी वजा केल्या तर जाहिरातींशिवाय फारसे काही उरत नाही. याचे एक कारण मालिकांच्या लांबीत आहे. ‘चार दिवस सासूचे’ ई टीव्ही मराठीवर 2001 मध्ये सुरू झाली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. चार दिवसांचे दहा-बारा वर्षे झाली. मालिका किती लोकांनी पाहिली याचा आकडा दर आठवड्याला येतो आणि त्या आकड्यावर पुढची गोष्ट ठरते. रोज एक भाग हवा, रोज शेवटी धक्का हवा, मग कारस्थानाशिवाय लेखक आणणार कुठून?

याच्या उलट पाहा. 2014 च्या जूनमध्ये आपल्याकडे ‘जिंदगी’ वाहिनी सुरू झाली आणि ‘जिंदगी गुलजार है’ लागली. नवऱ्याने दुसरे लग्न करून टाकून दिलेली एक शाळेतली शिक्षिका, तिच्या तीन मुली, त्यांतली मोठी कशफ शिकून सरकारी अधिकारी होते. सव्वीस भागांत गोष्ट संपली. आमच्या शिक्षकखोलीत त्या महिन्यात दुसरा विषय नव्हता, आणि त्यात मुस्लिमेतर सहकारी भगिनी आमच्याइतक्याच रंगल्या होत्या. 2016 मध्ये दोन देशांतले संबंध बिघडले आणि त्या वाहिनीने पाकिस्तानी मालिका दाखवणे थांबवले. त्या राजकारणात आम्ही शिरत नाही. पण एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. दुपट्टा घेतलेली, बसने जाणारी, फी भरायला पैसे नसलेली, पुस्तकात डोके खुपसलेली मुस्लिम मुलगी टीव्हीवर पाहायला आपल्या मुलींना सरहद्दीपलीकडची मालिका पाहावी लागली.

आता आम्ही आजच्या मुद्द्यावर येतो. एवढ्या वर्षांत आमच्या घरात ज्या मराठी मालिका पाहिल्या गेल्या, त्यांत गणपती आले, मंगळागौर आली, दिवाळीचा फराळ झाला, संक्रांतीचे हळदीकुंकू झाले. ते सगळे आम्ही आनंदाने पाहिले. पुण्याच्या वाड्यांत वाढलेल्यांना हे सण परके नाहीत. पण त्याच वाड्यांत ईदच्या सकाळी शीरखुर्म्याचा डबा खालून वर जातो आणि दिवाळीला त्याच डब्यातून चकल्या परत येतात, हेही तितकेच खरे आहे. मालिकेतल्या वाड्यात मात्र हा डबा आम्ही कधी जाताना पाहिला नाही. मालिकेतल्या सोसायटीत गुजराती शेजारी असतो, दाक्षिणात्य शेजारी असतो, कधी ख्रिस्ती मैत्रीण असते. शेख, मुलाणी, तांबोळी, बागवान, आतार, पठाण ही आडनावे पुण्याच्या कुठल्याही शाळेच्या हजेरीपटात सापडतील. मालिकेच्या सोसायटीतल्या टपालपेट्यांवर ती आमच्या नजरेस पडली नाहीत. आमच्या पाहण्यात जे एखादे मुस्लिम पात्र आले ते एक तर ‘मेरेकू, तेरेकू’ करून हसवायला आले, नाहीतर पोलिसांच्या मागावर असलेल्या टोळीत आले.

हिंदी वाहिन्यांवर मुस्लिम घर दिसते, असे कुणी म्हणेल. दिसते, पण ते कसले? 2012 मध्ये झी टीव्हीवर ‘कुबूल है’ आली. गोष्ट भोपाळची, घर हवेलीसारखे, कपडे रोज लग्नातले. 2018 मध्ये ‘इश्क सुभान अल्लाह’ आली, ती लखनौची, आणि विषय तीन तलाकचा. हवेली आणि तलाक यांच्या मधे जे सगळे आयुष्य असते, ते गायब. रेशनकार्डातले नाव दुरुस्त करायला रांगेत उभा असलेला अब्बा, बसच्या पासाचे पैसे मोजणारी अम्मी, दहावीचे भूमितीचे प्रमेय पाठ करणारी मुलगी आणि एमपीएससीचा फॉर्म भरणारा मुलगा, यांपैकी कुणी त्या हवेलीत राहत नाही. शिवाय त्या हवेलीतली उर्दू आम्हा शिकवणाऱ्यांनाही जड वाटते. आमच्या घरातली बोली दखनी, तिच्यात अर्धे शब्द मराठीचे. कोकणातून आलेल्या घरांत तर कोकणी बोलीच चालते. या माणसाला टीव्हीवर जागाच नाही. मराठी मालिकेत तो मुस्लिम म्हणून बसत नाही आणि हिंदी मालिकेत तो मराठी म्हणून बसत नाही.

हे नेहमीच असे होते का? नव्हते. आणि हे सांगायला आपल्याला पुण्याबाहेर जायची गरज नाही. लॉ कॉलेज रस्त्यावर जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे पूर्वी प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता. त्या स्टुडिओत 1941 मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘शेजारी’ नावाचा मराठी चित्रपट काढला, त्याची हिंदी आवृत्ती ‘पडोसी’. गावातले दोन म्हातारे मित्र, एक पाटील आणि एक मिर्झा. दोघे बुद्धिबळ खेळतात, एकमेकांच्या घरात ऊठबस आहे. गावाजवळ धरण बांधणारा एक धनवान आपल्या फायद्यासाठी दोघांत फूट पाडतो, गाव दुभंगते, आणि शेवटी धरण फुटताना दोघे मित्र एकत्र मरण पत्करतात. मराठीत पाटलाचे काम केशवराव दाते यांनी केले, मिर्झाचे गजानन जागीरदारांनी. हिंदीत तर शांतारामांनी गंमत केली. मिर्झा तेच जागीरदार, आणि हिंदू ठाकूर झाले मजहर खान. हिंदू नट मुसलमान झाला, मुसलमान नट हिंदू झाला, आणि पाहणाऱ्यांना दोघेही खरे वाटले. फाळणीच्या सहा वर्षे आधी, हवेत एवढे विष असताना, पुण्याच्या एका कंपनीला मराठी चित्रपटात मिर्झाला पाटलाच्या बरोबरीने बसवावेसे वाटले.

टीव्हीवरही एक काळ होता. 1986 मध्ये दूरदर्शनवर ‘नुक्कड’ आली, कुंदन शाह आणि सईद अख्तर मिर्झा यांची. चाळिशीतल्या वाचकांना ती आठवत असेल. एका नाक्यावरची गरीब माणसे. त्यांत हॉटेल चालवणारा कादरभाई होता, केस कापणारा करीम होता. कादरभाईला लोक ओळखत ते त्याच्या चहामुळे आणि उधारीच्या वहीमुळे. तो मुसलमान आहे म्हणून त्याच्यावर खास भाग लिहावा लागला नाही आणि तो मुसलमान आहे हे लपवावेही लागले नाही. नाक्यावर सायकल दुरुस्त करणारा हरी जसा होता, तसाच कादरभाई होता. आम्ही मागतो ते एवढेच आहे.

आमची एक खालाजाद बहीण लग्न होऊन लंडनला गेली. ती सुटीत आली की तिकडच्या मालिकांच्या गोष्टी सांगते, आणि त्या ऐकून आम्हाला या विषयावर लिहावेसे वाटले. तिकडची सगळ्यात जुनी मालिका ‘कोरोनेशन स्ट्रीट’ 9 डिसेंबर 1960 रोजी सुरू झाली आणि अजून चालू आहे. म्हणजे लांबीत तिने आपल्या सगळ्या सासवांना मागे टाकले. पण तिच्यात हवेली नाही. उत्तर इंग्लंडमधली कामगारांची एक गल्ली, एकमेकांना चिकटलेली घरे, कोपऱ्यावर दुकान. दुसरी ‘ईस्टएंडर्स’, बीबीसीची, 1985 च्या फेब्रुवारीत सुरू झालेली. पूर्व लंडनमधला एक चौक, तिथला बाजार, कपडे धुण्याचे दुकान. माणसे कामावर जातात, भाडे थकते, नोकरी सुटते. पहिल्याच वर्षी त्या चौकात किराणा दुकान चालवणारे एक बांगलादेशी जोडपे होते. पुढे 2007 मध्ये मसूद हे पाकिस्तानी मुस्लिम कुटुंब राहायला आले. घरातला बाप पोस्टमन. सगळ्या चौकाची पत्रे तो वाटतो, त्यामुळे त्याला सगळे ओळखतात आणि तो सगळ्यांना. त्याची बायको झैनब तोंडाने फटकळ. तिचे काम नीना वाडिया यांनी केले, त्या मुंबईत जन्मलेल्या पारशी. ‘कोरोनेशन स्ट्रीट’मध्ये मुस्लिम कुटुंब यायला 2013 उजाडावे लागले. म्हणजे तिकडेही त्रेपन्न वर्षे लागली.

तिकडे सगळे आलबेल आहे असे नाही. मसूद कुटुंबाच्या काही कथानकांवर तिथल्या मुस्लिम प्रेक्षकांनी कडक आक्षेप घेतले, आणि आमच्या बहिणीच्या घरातही त्या दिवसांत टीव्ही बंद राहिला. पण आक्षेप घेता आला, तो कुटुंब चौकात होते म्हणून. ‘आमचे असे दाखवू नका’ हे वाक्य बोलायला आधी आपण दिसावे लागतो. आणि मालिकाच कशाला, खाण्याच्या कार्यक्रमाचे पाहा. 2015 मध्ये बीबीसीच्या ‘ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ या केक-बिस्किटांच्या स्पर्धेत नादिया हुसैन जिंकली. आईवडील बांगलादेशचे, तिचा जन्म ल्यूटन गावचा, डोक्यावर स्कार्फ, तीन मुलांची आई. पुढच्या वर्षी राणी एलिझाबेथच्या नव्वदाव्या वाढदिवसाचा केक तिने केला. तिने धर्मावर भाषण दिले नाही. तिने केक चांगला केला, आणि ज्यांच्या घरात स्कार्फवाली बाई कधी आली नव्हती त्यांच्या बैठकीच्या खोलीत ती दर आठवड्याला येत राहिली. आपल्याकडे ‘आम्ही सारे खवय्ये’ सारखे दुपारचे कार्यक्रम वर्षानुवर्षे चालले. नावात ‘आम्ही सारे’ आहे, फार सुंदर नाव. त्या ‘साऱ्यां’त डालचा, खिचडा आणि कोकणातले सांदण करणाऱ्या हातांनाही नेहमीची जागा हवी, असे आम्हाला वाटते.

गेल्या वर्षी आम्ही आठवीच्या मुलींना निबंधाऐवजी एक वेगळे काम दिले. ‘तुमच्या घरावर मालिका काढली तर तिचा एक भाग लिहा.’ आम्हाला वाटले, सगळ्या जणी सासू-सुना लिहितील. पहिल्या वाचनात खरोखर तसेच निघाले. निम्म्या वह्यांत बंगला होता, जिना होता, ‘आईसाहेब’ होत्या. एका मुलीने स्वतःचे नाव बदलून ‘स्वरा’ ठेवले होते. आम्ही तिला विचारले, ‘अगं, तुझ्या घरावरची मालिका ना? मग तुझे नाव कुठे गेले?’ ती सहज म्हणाली, ‘टीचर, मराठी मालिकेत माझे नाव कसे चालेल?’ तिला वाईट वाटलेले नव्हते. जसा पावसाळ्यात पाऊस पडतो तसे तिला ते वाटत होते.

आम्ही वह्या परत केल्या आणि सांगितले, बंगला काढा, जिना काढा, आपापले खरे नाव लिहा, आणि काल घरात जे घडले त्यातले काहीही लिहा. दुसऱ्या खेपेला काय काय आले! एकीचे अब्बा रिक्षा चालवतात, मीटर बिघडले म्हणून दिवसभर घरी बसलेले, आणि अम्मी त्यांना चिडवू नये म्हणून भाजी महाग झाल्याचे लपवते. एकीच्या घरात दादी आणि वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी आजी एकाच डॉक्टरकडे जातात, आणि दोघींना एकमेकींची औषधे जास्त बरी वाटतात. एकीने रमजानमधली सहरी लिहिली. गजर वाजत नाही, सगळे झोपून राहतात, आणि समोरच्या दूधवाल्या काका दार वाजवून उठवतात. एवढ्या चांगल्या गोष्टी आम्ही कुठल्याही वाहिनीवर बऱ्याच दिवसांत पाहिल्या नाहीत. ‘स्वरा’नेही या वेळी आपले नाव लिहिले होते.

कुणी म्हणेल, टीव्हीवर दिसलो नाही तर बिघडले काय? पोट त्याने भरत नाही. बिघडते ते असे. आमची एक जुनी विद्यार्थिनी कॉलेजात गेली. पहिल्याच आठवड्यात वर्गमैत्रिणीने कौतुकाने विचारले, ‘तू मराठी किती छान बोलतेस गं, कुठे शिकलीस?’ ही मुलगी पुण्यात जन्मलेली, तिची आई सातारची, आजी सोलापूरची. तिच्या मैत्रिणीचा हेतू वाईट नव्हता. तिने मराठी बोलणारी मुस्लिम मुलगी कधी पाहिलीच नव्हती, घराशेजारी नाही आणि टीव्हीवरही नाही. तिच्या वसाहतीत आपले लोक राहत नाहीत, कारण घर भाड्याने मागायला गेले आणि नाव सांगितले की जागा ‘कालच गेलेली’ असते. म्हणजे खऱ्या सोसायटीत आपण नाही म्हणून मालिकेच्या सोसायटीत नाही, आणि मालिकेच्या सोसायटीत नाही म्हणून खऱ्या सोसायटीत आपल्याविषयीची भीती कमी होत नाही. मग आपली ओळख उरते ती फक्त रात्री नऊच्या बातम्यांतली. ती कशी असते ते सांगायला नको.

आणि हे शहर आपल्याला परके कधीच नव्हते. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांना घर सोडावे लागले तेव्हा याच पुण्यातल्या गंज पेठेत उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, आणि फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सोबत मुलींच्या शिक्षणाच्या कामात उभ्या राहिल्या. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी शतकांपूर्वी मराठीत ग्रंथ लिहिला. शाहीर अमर शेख यांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजवल्या. मराठी भाषा आपण कुणाकडून उसनी आणलेली नाही.

आपल्यातले काही बुजुर्ग म्हणतात, ‘नाही दाखवत तेच बरे. दाखवतील तर काहीतरी वेडेवाकडे दाखवतील. आपल्या बायका-मुलींचा तमाशा कशाला?’ ही भीती अगदी निराधार नाही. आजच्या मालिका ज्या पद्धतीने चालतात ती पाहता, शेख कुटुंब आले तर सहाव्या आठवड्यात त्यातली सून औषधाची बाटली बदलताना दिसेल, हे आम्हालाही कळते. पण न दिसण्याने आपली अब्रू राखली गेली, असा अनुभव नाही. जागा रिकामी राहिली की ती दुसरे कुणीतरी आपल्या मर्जीने भरते. तेव्हा शेख कुटुंब यावे, आणि त्यांना लिहिणारे कुणीतरी आपल्या घरातले असावे, हा त्यावरचा उपाय.

म्हणून वाचकांना तीन गोष्टी सुचवतो. पहिली, पत्र लिहा. वाहिन्या आकड्यांवर चालतात, पण प्रेक्षकांची पत्रे आणि मेल त्या वाचतात. एखादी मालिका आवडली तर कळवा, त्यात आपला एखादा शेजारी हवा असे कळवा. एखाद्या दृश्याने मन दुखावले तर रस्त्यावर ओरडण्यापेक्षा तक्रार करा. मनोरंजन वाहिन्यांवरच्या कार्यक्रमांच्या तक्रारी ऐकण्यासाठी 2011 पासून बीसीसीसी हे मंडळ आहे. पत्र साध्या, सभ्य मराठीत असावे. मराठीत लिहिलेले पत्र हाच आपल्या म्हणण्याचा अर्धा पुरावा आहे.

दुसरी, मुलांना हे काम करू द्या. आपल्याकडे मुलगा हुशार निघाला की डॉक्टर, इंजिनिअर, आणि मुलगी हुशार निघाली की डीएड, बीएड. लेखन, संवाद, कॅमेरा, संकलन हीही पोटापाण्याची कामे आहेत, आणि त्यांचे शिक्षण देणारी देशातली मोठी संस्था आपल्या घरापासून बसच्या अंतरावर आहे. ज्या घरात दखनी, मराठी आणि उर्दू तिन्ही चालतात त्या घरातल्या मुलाचा कान संवाद लिहिण्यासाठी तयार झालेलाच असतो.

तिसरी, मालिका एकट्याने पाहू नका. मुली मोबाईल घेऊन कोपऱ्यात पाहतात, आई स्वयंपाकघरातून ऐकते, बाप नाक मुरडून बाहेर जातो. त्यापेक्षा एखादा भाग एकत्र पाहा आणि नंतर विचारा, या बाईने जे केले ते बरोबर होते का? आपल्या घरात असे झाले असते तर? या घरातले पैसे येतात कुठून? मुले फार चांगली उत्तरे देतात.

आणि घरात आठवी-नववीत शिकणारे कुणी असेल तर त्याला आमचे ते काम द्या. आपल्या घरावरच्या मालिकेचा एक भाग, दोन पानांत, मराठीत, खऱ्या नावांनी, बंगल्याशिवाय आणि जिन्याशिवाय. मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. संपादकांशी बोलणे झाले आहे. निवडक दोन-तीन भाग पुढच्या अंकांतून या सदराच्या जागी छापू, आणि त्या महिन्यांत आम्ही सुटी घेऊ.